काळी, पांढरी आणि विमानातली फिल्म

मराठवाड्यात गावाचा हिशेब दोन रंगांत सांगतात. कसायची जमीन ती काळी आणि राहायची जागा ती पांढरी. गाव उठून दुसरीकडे गेले, घरे पडली, भिंती पावसात विरघळल्या, तरी तेथली माती पांढरीच राहते. माळवदावर टाकायला माती हवी असली म्हणजे पूर्वी लोक गाडी जुंपून अशाच जुन्या टेकाडाकडे जात. आता माळवदे गेली, सिमेंटचे स्लॅब आले. पण टेकाडांच्या नशिबी सुटका नाही. बैलगाडीच्या जागी जेसीबी आला आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या थोडी थोडी खरवडली जाणारी पांढरी आता चार दिवसांत सपाट होते.

आपल्या मुलखातली ही काळी आणि पांढरी आकाशातून कशी दिसत होती, याचा जुना आणि विश्वासू पुरावा विमानातून घेतलेल्या कृष्णधवल फिल्मवर आहे. या फिल्म जेथे जपून ठेवल्या आहेत तेथून त्यांच्या प्रती जिल्ह्यात आणि महाविद्यालयांत आल्या पाहिजेत, त्या वाचण्याची विद्या आपण टाकून देऊ नये, आणि हे काम लवकर झाले पाहिजे, असे माझे मत आहे. ते मी येथे मांडणार आहे.

यावर पहिला आक्षेप आमच्या वर्गातच निघतो. “अरे, मोबाईल उघड, पुसेगाव टाईप कर, उपग्रहाचे रंगीत चित्र हजर! तुझी काळी-पांढरी फिल्म काय करायची?” हे रंगीत चित्र मीही पाहतो. आमचे पुसेगाव, सेनगावकडे जाणारा रस्ता, सोयाबीन आणि हळदीची शिवारे, सारे त्यात आहे. पण ते आजचे पुसेगाव आहे. जमिनीची पाहणी करणारा अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह १९७२ साली वर गेला. त्याच्या चित्रातला एक ठिपका सुमारे ऐंशी मीटरचा होता. त्यात आमचे सबंध गावठाण चार-सहा ठिपक्यांत संपले असते. भारताचा आय.आर.एस. १-ए हा उपग्रह १९८८ चा. त्याआधीची वाट, ओढा, विहीर किंवा गढी पाहायची असेल, तर विमानातल्या फिल्मकडेच जावे लागते.

ही फिल्म म्हणजे आपल्या लग्नाच्या अल्बममधली फिल्म नव्हे. तिची रुंदी २४ सेंटिमीटर. एका रिळावर शंभर-सव्वाशे मीटर लांबीची फिल्म बसते आणि प्रत्येक फ्रेम २३ सेंटिमीटर चौरस असते. भिंगाचे नाभीय अंतर १५२ मिलिमीटर आणि विमान जमिनीपासून ७,६०० मीटर उंचीवर असेल, तर छायाचित्राचे प्रमाण १:५०,००० येते. म्हणजे एका फ्रेममध्ये साडेअकरा किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद मुलूख! एकामागून एक घेतलेल्या फ्रेम साठ टक्के एकमेकींवर चढतील अशा बेताने कॅमेरा चालतो. कारण तीच जमीन दोन जागांवरून टिपली गेली, तरच स्टिरिओस्कोपखाली टेकडी उठून दिसते आणि नाला खोल जातो. आपल्याकडे या कामाला विमाने हिवाळ्यात निघत. पावसाळ्यात ढग, आणि चैत्र-वैशाखात धुळीची झालर.

ही झालर हाच हवाई छायाचित्रकाराचा खरा शत्रू. हवेतली धूळ आणि बाष्प निळा प्रकाश अधिक विखुरतात, म्हणून भिंगापुढे पिवळा फिल्टर लावून निळा प्रकाश अडवतात. तरीही इतक्या उंचीवरून जमीन फिकट, धुरकट दिसते. तो फिकटपणा मग अंधारखोलीत भरून काढायचा. चेहऱ्याच्या फोटोला जो सौम्य डेव्हलपर चालतो तो येथे उपयोगाचा नाही. मेटॉल आणि हायड्रोक्विनोनचा कडक डेव्हलपर वापरून काळ्या-पांढऱ्यातला फरक मुद्दाम वाढवतात. कोडॅकचा डी-१९ हा त्याचा नामांकित नमुना. फिल्म सर्व रंगांना संवेदनशील, म्हणून लाल दिवासुद्धा लावायचा नाही. शंभर मीटरची ती पट्टी संपूर्ण काळोखात एका रिळावरून दुसऱ्या रिळावर आणि पुन्हा उलट अशी द्रावणातून गुंडाळत राहायची. डेव्हलपर, मग पाणी, मग हायपो, मग पुन्हा भरपूर पाणी. एखादा वेढा चिकटला, तर त्या पट्टीवरचा मुलूख गेला. त्यासाठी विमान पुन्हा पाठवायचे!

माझ्या मामांचा पूर्वी फोटो स्टुडिओ होता. त्यांचे काम छोट्या फिल्मचे, उटीच्या कारखान्यातल्या ‘इंदू’ फिल्मचे. पण रसायने त्याच घराण्यातली. मे महिन्यात नळाचे पाणी इतके तापलेले असे, की फिल्मवरचे जिलेटिन मऊ पडून सुटू लागे. मग रसवंतीवाल्याकडून बर्फ आणून तो ट्रेभोवती रचायचा. मामा सांगत, “हायपो धुऊन काढायला कंजुषी करू नये बाळा. आज फोटो झकास दिसतो, अन्‌ पाच-सात वर्षांनी पिवळा पडून तुलाच विचारतो, पाणी कुठं गेलं माझ्या वाट्याचं?” मराठवाड्यात पाणी जपून वापरा असे सगळेच सांगतात. ‘भरपूर वापर’ म्हणणारा माणूस मी हा एकच पाहिला.

मामांचे हे वाक्य मला हवाई छायाचित्रांच्या बाबतीत फार मोलाचे वाटते. फिल्म ही जिवंत वस्तूसारखी आहे. तिला आयुष्य आहे. जुन्या फिल्मचा पाया ॲसिटेटचा असेल, तर तो कालांतराने आंबतो, शिरक्याचा वास येतो, पट्टी आक्रसते, वेडीवाकडी होते. नंतरच्या पॉलिएस्टर फिल्मचा पाया अधिक टिकाऊ आहे. पण नीट न धुतलेला हायपो आणि दमट हवेतली बुरशी तिलाही सोडत नाहीत. ज्या फिल्मवर मिलिमीटरचा दहावा भाग म्हणजे पाच मीटर जमीन, तिचे आक्रसणे ही किरकोळ गोष्ट नाही. म्हणून ‘बघू पुढे’ म्हणून हा विषय ठेवता येणार नाही.

आता या छायाचित्राच्या वाचनाविषयी. भूगोलाच्या प्रात्यक्षिकात सरांनी आम्हांला एकदा मुद्दाम जोडीतली दोन छायाचित्रे डावी-उजवी उलट मांडून दिली. स्टिरिओस्कोपखाली पाहतो तो नदी डोंगराच्या माथ्यावरून वाहते आहे आणि टेकड्यांच्या जागी खड्डे! वर्गात हशा पिकला. पण लोणारचे विवर असे पाहिले तर? १९७३ साली शास्त्रज्ञांनी ते उल्कापाताचे म्हणून दाखवून दिले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा तो खड्डा अशा जोडीखाली फुगीर टेकडी होऊन बसेल. एकच छायाचित्र पाहतानासुद्धा सावल्या आपल्याकडे येतील असे ते धरावे लागते, नाहीतर डोळा फसतो.

रंगछटांचेही तसेच. काळे दिसते ते काळ्या रानामुळे, की ओलाव्यामुळे, की ढगाच्या सावलीमुळे? तळे बहुधा काळे दिसते, पण सूर्य त्यात चमकला तर तेच पांढरे. आणि छापताना सबंध चित्र एकसारखे दिसावे म्हणून काळे भाग उजळ आणि उजळ भाग काळे करून घेतले असतील, तर काळी आणि पांढरी यांतला फरकच पुसट होतो. छाप सुंदर होतो आणि पुरावा मुका. म्हणून जुन्या छापांच्या प्रती काढून समाधान मानू नये. मूळ निगेटिव्हवरूनच स्कॅन करावे, असा माझा आग्रह आहे. अंधारखोलीत काय घडते हे ज्याने पाहिले नाही, त्याला हा आग्रह हट्ट वाटेल. म्हणूनच भूगोल आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने एकदा तरी फिल्म हाताने धुऊन पाहावी असे मला वाटते. कॅमेऱ्याच्या छोट्या कृष्णधवल फिल्म आजही बाजारात मिळतात. खर्च एका सहलीपेक्षा कमी येतो.

ही सारी यातायात कशासाठी? आमच्या तालुक्यात तहसील कचेरीतले सर्वांत कडू वाद कोणते, असे विचारले तर मी पांदण रस्त्यांचे वाद म्हणेन. नकाशात पांदण आहे, जमिनीवर नाही. एक म्हणतो, “आमच्या आज्याच्या काळापासून येथे वाट नव्हतीच.” दुसरा म्हणतो, “तुझ्या आज्यानेच नांगरली.” भाऊबंद कोर्टात उभे राहतात आणि पावसाळ्यात पीक डोक्यावर वाहून आणावे लागते. चार मीटर रुंदीची पांदण १:५०,००० च्या फिल्मवर ०.०८ मिलिमीटर येते. केसाएवढी रेघ, पण दोन्ही बाजूंच्या झुडपांमुळे ती चांगल्या भिंगाखाली ओळखू येते. एका दिवसाचे छायाचित्र म्हणजे मालकीचा दाखला नव्हे, हे मला मान्य आहे. पण त्या दिवशी तेथे वाट होती की नव्हती, एवढे ते कोणाच्याही बाजूने न बोलता सांगते. बुजवलेल्या ओढ्यांचे तेच. १९७२ च्या दुष्काळानंतर विहिरी आणि बोअर यांची जी धावपळ झाली, तिच्याआधी कोणत्या ओळीत झाडी हिरवी राहत होती, बेसाल्टच्या भेगा कोठे होत्या, हे पाणी शोधणाऱ्यालाही कामाचे आहे. जायकवाडीची पायाभरणी १९६५ ची आणि उद्घाटन १९७६ चे. आमच्या बाजूला पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर उभी राहिली. धरणे भरण्यापूर्वी ज्या भागांवरून विमान गेले असेल, त्या भागांतली बुडालेली गावे फिल्मवर अजून कोरडी आहेत. आणि तेर, पैठण, भोकरदन येथील उत्खनने जशा पांढरीच्या टेकाडांवर झाली, तशी किती टेकाडे आपल्या जिल्ह्यात होती, हे मोजायला आता दुसरे साधन उरलेले नाही.

संरक्षणाचा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. विमानातून छायाचित्र घेण्यावर १९३७ च्या विमान नियमांपासून परवानगीचे बंधन आहे, आणि सीमेवरच्या देशाला ते ठेवावे लागले असेल. पण अर्ध्या शतकापूर्वीच्या ज्वारीच्या शिवारात कोणते गुपित असणार? अमेरिकेचे उदाहरण घ्या. १९६० ते १९७२ या काळात तिचे ‘कोरोना’ नावाचे हेर उपग्रह काळ्या-पांढऱ्या फिल्मवर जगाची छायाचित्रे घेत. उपग्रहातून फिल्मची कुपी खाली सोडली जाई आणि पॅराशूटने उतरणारी ती कुपी विमान आकाशातच आकड्याने झेले! इतकी गुप्त मोहीम. पण १९९५ साली ती आठ लाखांहून अधिक छायाचित्रे खुली करण्यात आली. जेसन उर या पुरातत्त्वज्ञाने त्याच फिल्मवरून उत्तर मेसोपोटेमियातल्या हजारो वर्षांपूर्वीच्या पायवाटा शोधल्या. त्याही एका अर्थाने पांदणीच! एकदा स्कॅन झालेले चित्र कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते, त्यात भारतावरची चित्रेही आली. परक्या देशाने चोरून काढलेले आपले चित्र पुसेगावच्या मुलाला सहज मिळावे आणि आपल्याच विमानांनी काढलेले मिळू नये, हे मला मुळीच पटत नाही.

आपल्याकडे ही विद्या नवी नाही. इरावतीच्या मुखाकडील जंगलांची विमानातून पाहणी १९२४ साली झाली. स्वातंत्र्यानंतर हवाई दल, कलकत्त्याची एअर सर्व्हे कंपनी आणि पुढे हैदराबादची राष्ट्रीय दूरसंवेदन संस्था यांच्या विमानांनी देश टिपला. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे त्यावरून झाले. छायाचित्रवाचन शिकवायला डेहराडूनला १९६६ साली स्वतंत्र संस्था निघाली. आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने भू-माहितीविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत सुरक्षा यंत्रणांची गोपनीय माहिती सोडून सार्वजनिक पैशातून तयार झालेली माहिती भारतीयांना सुलभ व्हावी असे म्हटलेले आहे. हे वाक्य जुन्या फिल्मलाही लागू झाले पाहिजे. गावठाणांची ड्रोनने मोजणी चालू आहे, घराघराला मिळकत पत्रिका मिळत आहेत. चांगलेच आहे. पण ड्रोन आजचे कुंपण मोजतो, कालची वाट नाही.

आपल्या महाविद्यालयापुरते बोलायचे तर, स्टिरिओस्कोप आता जुने झाले, कपाट संगणकासाठी मोकळे करावे, अशी चर्चा कानांवर येते. संगणक जरूर यावा. स्टिरिओस्कोप त्याच्या शेजारी राहू द्यावा. भूगोल आणि इतिहास या दोन्ही विभागांनी मिळून प्राचार्यांच्या सहीने सेनगाव तालुक्यावरच्या सर्वांत जुन्या पट्टीची रीतसर मागणी या वर्षी करावी. अर्ज लिहून देण्याची माझी तयारी आहे. प्रती आल्या, तर आम्ही पुसेगावची मुले त्या घेऊन आधी गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊ. कोणती रेघ पांदण, कोणता ठिपका पिंपळाचा पार, आणि शिवारातला कोणता पांढुरका डाग म्हणजे मातीसाठी खणून संपवलेले टेकाड, हे भिंगापेक्षा त्यांनाच लवकर कळेल. आणि अशी माणसे गावात आता थोडीच राहिली आहेत.