आकाशाकडे बघणारी माणसं

आमच्या घरामागं वेताळ टेकडी आहे. रोज पहाटे साडेपाचला मी टेकडीवर जातो. प्रकृतीसाठी जातो, असं मी सांगतो. दूध तापवायला लागू नये म्हणून जातो, असं आमची ही सांगते. ते असो. मुद्दा असा की, गेल्या काही वर्षांत पुण्यात खगोलशास्त्राची आवड विलक्षण वाढली आहे. टेकडीच्या पायवाटेवर दर पन्नास पावलांवर एखादे गृहस्थ किंवा बाई मान वर करून आकाशाकडे बघत उभ्या असतात. चेहऱ्यावर ऋषितुल्य अलिप्तता. पहिल्यांदा मीही वर बघितलं. म्हटलं, धूमकेतू वगैरे असला तर आपणच का मागं राहा? वर काही नव्हतं. जे होतं ते खाली होतं. गृहस्थांच्या हातात पट्टा, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला कुत्रा, आणि कुत्रा पाठीची कमान करून अत्यंत एकाग्रतेनं आपल्या कामात. त्याचं आटोपलं की मालकांचं ग्रहनिरीक्षणही आटोपतं. 'चल बेटा' म्हणून दोघे पुढे जातात. मागे जे राहतं, त्यावर तुमचा-आमचा पाय पडतो.

माझा आजवर अकरा वेळा पडला. पेन्शनर माणूस, मोजायला वेळ असतो.

या विषयावर सभ्य माणसानं लिहू नये, असा संकेत आहे. आपली भाषा तर याबाबतीत नव्या नवरीसारखी लाजते. आम्ही 'परसाकडे' जातो. परस जाऊन तिथं पार्किंग आलं, तरी जातो. 'बहिर्दिशेला' जातो, नेमकी कुठली दिशा, ते कोणी सांगत नाही. 'दीर्घशंका' हा शब्द ज्यानं काढला, त्याला तर मला एकदा भेटायचं आहे. शंका? त्या घटकेइतकी खात्री माणसाला आयुष्यात दुसऱ्या कशाचीच नसते! ही सगळी लाज एका झटक्यात सरकारनं घालवली. 'हागणदारीमुक्त गाव' अशा भल्यामोठ्या पाट्या वेशीवेशीवर लागल्या आणि जो शब्द आमच्या आजीनंसुद्धा पदराआड उच्चारला, तो शासकीय परिपत्रकात गेला. मला ते आवडलं. ज्या गोष्टीचं नाव घ्यायला लाज वाटते, ती साफ करायला माणूस कसा पुढे येणार?

तर कुत्री. माझं कुत्र्यांशी भांडण नाही. कुत्रा बिचारा काहीही लपवत नाही. भांडण आहे ते पट्ट्याच्या वरच्या टोकाशी. आमच्या समोरच्या इमारतीत एक साहेब आहेत. ते कुत्र्याशी इंग्रजीत, भाजीवाल्याशी हिंदीत आणि आमच्याशी नाइलाजानं मराठीत बोलतात. कुत्र्याचं नाव सिंबा. सिंबा त्यांच्या पलंगावर झोपतो, त्यांच्या बशीतलं बिस्किट खातो, त्यांचं तोंड चाटतो. 'ही इज लाइक माय सन,' असं ते म्हणतात. एकदा टेकडीवर धीर करून मी म्हटलं, "साहेब, मुलगा आहे म्हणता, मग मुलाची शी कोण काढणार?"

साहेबांनी आकाशावरून नजर खाली आणली आणि मला तीन उत्तरं दिली. ही तीन उत्तरं पुढं मला इतक्या जणांनी दिली की, ती कुठल्या तरी मार्गदर्शकात छापलेली असावीत.

पहिलं उत्तर : "अहो, नैसर्गिक आहे. खत होतं."

खत! शेणाचं होतं, मान्य. पण गाय गवत खाते आणि सिंबा डब्यातलं मांस खातो, एवढा फरक बॉटनीत नापास झालेल्यालाही कळावा. कुत्र्याच्या विष्ठेत गोलकृमींची अंडी असू शकतात. ती मातीत महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं तग धरतात. मातीत खेळणाऱ्या पोराच्या हातातून ती पोटात गेली, तर त्यातली अळी डोळ्यापर्यंतसुद्धा पोचू शकते. माणसाच्या मैल्याचं सोनखत करणारे लोक आपल्याकडे होऊन गेले, पण ते मातीआड गाडून, पालापाचोळा घालून, महिनोन् महिने कुजवून. पायवाटेच्या मधोमध ठेवून कोणी सोनखत केल्याचं ऐकिवात नाही.

दुसरं उत्तर : "भटकी कुत्री करतात त्याचं काय?"

भटक्या कुत्र्याला मालक नाही, हीच तर त्याची व्याख्या आहे. तुमच्याला आहे. मालकीचा अर्थ फक्त फोटो काढण्यापुरता असतो का?

तिसरं उत्तर हे ब्रह्मास्त्र. "आम्ही टॅक्स भरतो. झाडायला माणसं आहेत."

या तिसऱ्या उत्तराकडे मी पुन्हा येणार आहे. कारण खरं भांडण तिथंच आहे.

आता काही मालक सुधारले आहेत, हे कबूल केलं पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये 1978 साली मालकानंच कुत्र्याची घाण उचलावी असा कायदा लागू झाला, त्याची बातमी आमच्या टेकडीवर सुमारे चाळीस वर्षांनी पोचली. हे सुधारक खिशातून छोटी पिशवी काढतात, वाकतात, उचलतात, गाठ मारतात. इथवर पाहून माझे डोळे भरून येतात. आणि मग ते ती गाठ मारलेली पिशवी हलकेच झुडपाच्या फांदीला अडकवून निघून जातात! म्हणजे जे पावसात आठ-पंधरा दिवसांत विरघळलं असतं, ते प्लॅस्टिकमध्ये घालून पुढच्या पिढ्यांसाठी जतन केलं. आमच्या आजीनं लोणचंसुद्धा इतकं टिकवलं नव्हतं. अरे बाबा, उचललीस तशी कचऱ्याच्या डब्यापर्यंत ने की!

सगळा राग कुत्रेवाल्यांवर काढून मी मोकळा झालो असतो. पण आमच्या हीनं मध्येच विचारलं, "आणि तुम्ही राजगडावर काय केलं होतं?"

बायकोला तरुणपणच्या गोष्टी सांगू नयेत, त्या अशा व्याजासकट परत येतात. कॉलेजात असताना आम्ही आठ जण राजगडावर मुक्कामाला गेलो होतो. पहाटे मला जी काही 'शंका' आली, तिचं निरसन मी अंधारात एका झुडपामागं केलं. उजाडल्यावर बघतो, तर झुडपाच्या खाली वीस पावलांवर पाण्याचं टाकं. मधे नुसता उतार. त्याच टाक्याच्या पाण्याचा चहा आम्ही दोन दिवस प्यालो. आठांपैकी सात जणांना मी आजतागायत हे सांगितलेलं नाही. त्यांतला कोणी हे वाचत असेल, तर बाबा रे, परतीच्या एस्टीत तुझे जे हाल झाले, त्याला तू समजत होतास तशी नसरापूरची भजी जबाबदार नव्हती.

आणि लाज पुढंच आहे. त्याच राजगडाच्या संजीवनी माचीवर तटात बांधलेले शौचकूप आजही दिसतात. सिंधुदुर्गाच्या तटातही आहेत. साडेतीनशे वर्षांपूर्वी महाराजांच्या लोकांना जे सुचलं, ते बी.एस्सी.च्या वर्गातल्या मला सुचलं नव्हतं. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र काढून बघा. गडावर वाटेत, बाजारात, तटाजवळ केरकचरा अजिबात पडू देऊ नये, तो गडाखाली भिरकावू नये, जागच्या जागी जाळून त्याची राख परसात घालावी आणि तिच्यावर भाजीपाला करावा, असं त्यात सांगितलं आहे. 2025 साली राजगडासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. आम्ही फटाके उडवले, गाड्यांना झेंडे लावले. आणि पुढच्याच रविवारी वारशाच्या आडोशाला बसलो.

उपाय काही रॉकेट सोडण्याइतका अवघड नाही. पाठपिशवीत एक खुरपं ठेवा. पाण्यापासून आणि वाटेपासून सत्तर-ऐंशी पावलं लांब जा. वीतभर खोल खड्डा करा, काम झालं की माती लोटा. कागद वापरत असाल, तर तो पिशवीत घालून खाली आणा. मांजराला हे उपजत कळतं. तिला कोणी आज्ञापत्र वाचून दाखवलेलं नाही.

समुद्रकिनाऱ्याची गोष्ट निराळी. तिथं खड्डा करून भागत नाही. लाट येते आणि तुमचं गुपित उघडं करून शेजाऱ्याच्या पायाशी नेऊन ठेवते. दोन वर्षांपूर्वी आम्ही नातीला घेऊन कोकणात गेलो होतो. ज्यांच्याकडे उतरलो, त्या घरमालकांनी गावातल्या घराघरांत संडास कसे आले, ते अभिमानानं सांगितलं. "आता किनाऱ्यावर गावचा माणूस बसत नाही हो. बसतात ते तुमच्याकडले," असं ते म्हणाले. सुरूच्या बनात सकाळी फिरताना त्याचा पुरावाही मिळाला, सोबत मिनरल वॉटरची रिकामी बाटली. टमरेलाची जागा बाटलीनं घेतली, प्रगती एवढीच. कुत्रीही मोटारीतून आली होती. ती मोकळी सोडलेली, आणि मालक क्षितिजाकडे बघत उभे. समुद्रावर आकाशाचीसुद्धा गरज लागत नाही.

नात चार दिवस वाळूत अनवाणी खेळली. पुण्याला आल्यावर तिच्या तळव्यावर एक लाल, नागमोडी रेघ उमटली. रोज थोडी पुढं सरके. पोर रात्र रात्र खाजवून रडे. डॉक्टर म्हणाले, कुत्र्यामांजरांच्या अंकुशकृमीची अळी आहे. विष्ठेतून अंडी वाळूत पडतात, त्यांतून अळ्या निघतात आणि उघड्या कातडीतून आत शिरतात. माणसाच्या अंगात त्यांना पुढची वाट सापडत नाही. पत्ता चुकलेल्या पाहुण्यासारख्या त्या कातडीखालीच हिंडत राहतात. औषधानं बरं झालं. पण समुद्र म्हटला की ती पोरगी अजून आधी 'बूट घालू?' असं विचारते. चार वर्षांच्या मुलीला वाळूची भीती घालणाऱ्या त्या मालकाला कोणता धूमकेतू दिसला होता, ते मला विचारायचं आहे.

इथवर मी फिर्यादी होतो. गेल्या मे महिन्यात आरोपी झालो. मुलगी आणि जावई पंधरा दिवस परदेशी गेले आणि त्यांचा कुत्रा आमच्याकडे ठेवून गेले. सोबत बिस्किटं, वाटी आणि पिशव्यांची एक गुंडाळी. पहिल्याच सकाळी टेकडीच्या पायथ्याशी, झाडून लख्ख केलेल्या रस्त्यावर तो थबकला, गोल फिरला आणि त्यानं पाठीची कमान केली.

आणि मी? सांगायला शरम वाटते. माझी मान आपोआप वर गेली. कोणी शिकवलं नव्हतं. आकाश खरोखर निळं होतं.

"काका, विमान दिसतंय का?"

झाडणाऱ्या मावशी होत्या. हातात लांब दांड्याचा झाडू, शेजारी ढकलगाडी. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. रोज सकाळी डझनभर आकाशनिरीक्षक बघायची त्यांना सवय होती. मी ज्या 'झाडायला माणसं आहेत'वर तावातावानं बोलत होतो, ती माणसं म्हणजे या. हातात मोजेही नव्हते.

मी खिशातून पिशवी काढली, वाकलो आणि उचललं. पिशवीच्या आरपार ऊब लागते, एवढीच काय ती बातमी. आकाश कोसळलं नाही. आमच्या बेचाळीस पिढ्यांपैकी एकही पूर्वज खाली उतरला नाही. मावशींनी गाडीतला डबा पुढं केला. "नको, मी नेतो," म्हटलं. "बरं," म्हणाल्या आणि पुढं झाडू लागल्या.

किळस हे कारण नव्हे. ज्यांच्या आज्या शेणानं अंगण सारवत होत्या, ते आम्ही; घरातल्या तान्ह्याचं सगळं काढणारे आम्ही. आमचं खरं म्हणणं असं की, हे काम आपलं नव्हे, ते करणारे कोणी वेगळे जन्माला आलेले असतात. डोक्यावरून मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध 1993 साली कायदा झाला, 2013 साली आणखी कडक झाला. मानेविरुद्ध मात्र कायदा नाही. ती वर जायची ती जातेच.

1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धन नावाचे एक कैदी होते. मैलासफाईचं काम आम्हालाही करू द्या, अशी त्यांची मागणी. सरकार म्हणालं, हे तुमच्या जातीचं काम नव्हे. तेव्हा त्यांनी उपास केला आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी इथं येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही अन्न सोडलं. एका माणसानं हे काम करायला मिळावं म्हणून उपास केला. आम्हाला नाश्ता करून आल्यावरसुद्धा वाकवत नाही.

कुत्रा पंधरा दिवसांनी परत गेला. पिशव्या उरल्या आहेत, त्या मी खिशात ठेवतो. परवा समोरचे साहेब सिंबासह उभे होते, मान वर. मी शेजारी जाऊन उभा राहिलो, मीही वर बघितलं आणि विचारलं, "साहेब, विमान दिसतंय का?"

ते दचकले. मी पिशवी पुढं केली. त्यांनी घेतली, इंग्रजीत काहीतरी पुटपुटले आणि वाकले.

दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी साडेचारला फिरायला जातात, असं कळलं. अंधारात. तेव्हा आता टॉर्च घेतला आहे. दूध तापवायचं हिच्याकडेच.