वाट आधी चालून पाहा

२ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून विषारी वायू सुटला, तेव्हा भोपाळ जीव मुठीत घेऊन धावले. पुष्कळजण वारा वाहत होता त्याच दिशेने धावले आणि वायूच्या लोटातच सापडले. तोंडावर ओले फडके धरा, वाऱ्याला आडवे निघा, एवढे सांगणारे त्या रात्री कोणी नव्हते.

आज आम्ही सोनागिरीकर घरचा हिशेब पै-पैचा ठेवतो. पण अपरात्री म्हाताऱ्या माणसांना घेऊन कोणत्या गल्लीतून निघायचे, हे ठरवलेले नाही. बंधू-भगिनींनो, एका रविवारी चालून पाहू या. रायसेन रोडकडची एक वाट, अयोध्या बायपासकडची दुसरी. कोणते फाटक रात्री बंद असते, पावसाळ्यात पाणी कुठे तुंबते, कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, हे कागदावर मांडू या.

तो कागद पार्षदांपुढे ठेवून विचारू या : भोंगा कोण वाजवणार? जमायचे कुठे? मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाने याचे उत्तर दिलेच पाहिजे.

कारखान्यात साठवलेला विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला गेला. त्यासोबत १९८४ चा धडाही आपण पाठवून द्यायचा का?