पदकाविना पट्टा


स्पर्धेत न उतरता दांडपट्टा शिकणे ही 'नुसती हौस', असे एका वाचकांनी लिहिले आहे. असेल! चाकणची सेकंड शिफ्ट सुटून निगडीला पोचेस्तोवर मध्यरात्र होते. तरी सकाळी बोथट पट्टा हातात असतो. वय 47. पट्ट्याच्या खोबळ्यात, म्हणजे मुठीवरच्या धातूच्या आवरणात, कोपरापर्यंत हात गेला की मनगट वळत नाही, वार खांद्यातून, कमरेतून काढावा लागतो. आठ तास प्रेसपुढे उभे राहून आखडलेली पाठ तिथे सुटते. (जमिनीवर ठेवलेले लिंबू कापताना नेम अजून चुकतोच.) जोतीराव फुले लहूजी वस्तादांकडे दांडपट्टा शिकले, ते कुठल्या चषकासाठी? 2024 मध्ये दांडपट्टा महाराष्ट्राचे राज्यशस्त्र ठरला, तोही पदके मोजून नव्हे. पत्रलेखकांनी एकदा सकाळी यावे. जादा पट्टा आहे.
– एक कामगार, निगडी