दंड भरला, पण कागद कुठे आहे?

गेल्या महिन्यात एका रात्री ईशाच्या नमाजीनंतर आमच्या खालाचा फोन आला. आवाज रडवेला होता. "बेटा, पोराचं आखातातलं काम हातचं जातंय बघ."

खालाचा धाकटा मुलगा इलेक्ट्रिशियन आहे. दोन वर्षे खटपट करून त्याला नोकरी मिळाली. कंपनीने पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागितले. अर्ज ठाण्यात गेला आणि तिथेच थांबला. "2019 मध्ये तुमच्या नावावर गुन्हा दाखल आहे. निकाल काय लागला त्याची नोंद आमच्याकडे नाही. कोर्टाचा कागद आणा," असे त्याला सांगण्यात आले.

गुन्हा म्हणजे काय, तर वीस वर्षांचा असताना त्याने मोटारसायकलने एका सायकलवाल्याला धडक दिली होती. सायकलवाल्याला फारसे लागले नव्हते. पण हयगयीने गाडी चालवल्याचा गुन्हा नोंदला गेला. खालू त्याला घेऊन कोर्टात गेले, दंड भरला, घरी आले. विषय संपला असे सगळ्यांनी धरले. आज खालू हयात नाहीत. पावती त्यांनी कुठे ठेवली होती ते त्यांनाच ठाऊक. खालाने लोखंडी पेटी तीनदा उपसली. तिच्यात रेशनकार्डाच्या जुन्या प्रती निघाल्या, ती पावती निघाली नाही.

वाचकहो, ही गोष्ट एका घराची नाही. या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत असा प्रश्न वरचेवर असतो. म्हणून या वेळी वाहतुकीच्या खटल्याची नोंद शोधायची कशी आणि तिची नक्कल मागायची कशी, ते पाहू.

आधी ठरवा, कागद कोणाकडे आहे

वाहतुकीचा दंड म्हटला की सगळे "कोर्टाचे लफडे" म्हणतात. खरे तर कागद तीनपैकी एका ठिकाणी असतो. चुकीच्या दारात उभे राहिलात तर दिवस वाया जातो.

पहिले ठिकाण वाहतूक पोलीस. सिग्नल तोडला, हेल्मेट नव्हते, पोलिसाने किंवा कॅमेऱ्याने ई-चलन काढले आणि तुम्ही ते तडजोडीचा दंड म्हणून भरले, तर प्रकरण बहुधा कोर्टात गेलेलेच नसते. त्याची नोंद महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे आकडे टाकून दिसते. पावतीही तिथूनच निघते. कॅमेऱ्याच्या चलनाला फोटो, ठिकाण, तारीख आणि वेळ जोडलेली असली पाहिजे, आणि चलनाचा निकाल लागेपर्यंत ती नोंद जपली पाहिजे, असा केंद्राचा 2021 चा नियम आहे. गाडी आपलीच आहे का, हे आधी फोटोत पाहा.

दुसरे ठिकाण व्हर्च्युअल कोर्ट. न भरलेले चलन तिकडे पाठवले जाऊ शकते. त्याचे वेगळे सरकारी संकेतस्थळ आहे. त्यावर महाराष्ट्राची नोंद निवडून मोबाइल नंबर, चलन नंबर, गाडीचा नंबर किंवा नावाने शोधता येते. दंड भरायचा की खटला लढवायचा, असे दोन पर्याय तिथे असतात. लढवायचा म्हटले तर प्रकरण हद्दीतल्या नेहमीच्या कोर्टाकडे जाते.

तिसरे ठिकाण म्हणजे नेहमीचे कोर्ट. तालुक्याच्या जागी हे बहुधा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचे असते. अपघात, दारू पिऊन गाडी चालवणे, समन्स आले होते, तारीख पडली होती, असे काही आठवत असेल तर कागद इथेच आहे. खालाच्या मुलाचा कागद इथला होता.

नंबर हाती नसेल तर

कोर्टात पहिला प्रश्न येतो, "केस नंबर काय?" तो आमच्याकडे नव्हता. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल अ‍ॅपवर तो फुकट शोधता येतो. राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडले की नावाने, केस नंबरने किंवा पोलीस ठाणे व गुन्हा नंबरने शोधण्याची सोय आहे.

आम्ही आधी नावाने शोधले. काहीच मिळाले नाही. इथे आपल्या घरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपली नावे इंग्रजीत लिहिताना प्रत्येक जण वेगळी लिहितो. शेख हे आडनाव तीन-चार प्रकारे लिहिले जाते. मोहम्मदचे कुठे एमओएचडी, कुठे नुसते एमडी होते. आधारकार्डावर एक, लायसनवर दुसरे आणि हवालदाराने कानाने ऐकून लिहिलेले तिसरेच. म्हणून सगळी स्पेलिंगे करून पाहा. वडिलांच्या नावानेही पाहा. पूर्ण नाव टाकण्याऐवजी पहिली तीन-चार अक्षरे आणि वर्ष टाकले तर यादी लांब येते, पण आपले नाव सापडण्याची शक्यता वाढते.

दुसरी चूक आमचीच होती. शोधताना "पेंडिंग" आणि "डिस्पोज्ड" असे दोन पर्याय येतात. आम्ही पेंडिंगच ठेवले होते. निकाल लागलेला खटला त्यात दिसणार कसा? अखेर ठाण्यातून गुन्हा नंबर घेतला, तो डिस्पोज्डमध्ये टाकला आणि खटला समोर आला. आडनावात एक अक्षर भलतेच होते.

त्याच पानावर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो. महाराष्ट्रातला असेल तर तो एमएच या अक्षरांनी सुरू होतो आणि शेवटचे चार आकडे वर्षाचे असतात. हा नंबर वहीत लिहून ठेवा. पुढे नाव-गाव काही न सांगता या एका नंबरावर खटला उघडतो.

मात्र मोबाइलवरचे पान छापून दिले तर ते कुठे चालत नाही. ते माहितीपुरते असते. चालते ती कोर्टाच्या शिक्क्याची प्रमाणित प्रत.

नक्कल अर्ज

कोर्टात नक्कल विभाग असतो. अर्ज तिथे द्यायचा. स्वतःच्या खटल्याची नक्कल मागायला वकील लावलाच पाहिजे असे नाही. खटल्यातला आरोपी स्वतः अर्ज करू शकतो. तिऱ्हाईताला मात्र कारण सांगून न्यायाधीशांची परवानगी घ्यावी लागते. म्हणून आईने किंवा मामाने अर्ज करण्यापेक्षा मुलानेच सही करावी आणि ओळखपत्र सोबत न्यावे. अर्जावर कोर्ट फी स्टँप लागतो, नकलेचा खर्च पानांप्रमाणे होतो, लवकर हवी असेल तर जादा पैसे पडतात. दर काउंटरवर विचारा आणि भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या.

मजकूर साधा असावा:

"मा. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी यांचे न्यायालयात. केस नंबर अमुक, सन अमुक, सरकार विरुद्ध अमुक. मी सदर खटल्यातील आरोपी असून निकाल दिनांक अमुक रोजी लागला आहे. पोलीस क्लिअरन्ससाठी मला निकालाची व दंड भरल्याच्या नोंदीची प्रमाणित प्रत हवी आहे. नियमाप्रमाणे खर्च भरण्यास तयार आहे."

खाली नाव, पत्ता, मोबाइल, सही. नाव खटल्यात चुकीचे पडले असेल तर "खटल्यात माझे नाव असे नोंदलेले आहे" ही एक ओळ जरूर घाला. नाहीतर हातात आलेली नक्कल आपलीच आहे हे पटवताना पुन्हा धावपळ.

प्रत मिळाली की तिच्यावर अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख व शिक्का पाहून घ्या. खटला जुना असेल तर फाइल अभिलेख कक्षातून मागवावी लागते. छोट्या खटल्यांचे कागद कोर्ट कायम ठेवत नाही, ठरावीक काळाने ते नष्ट केले जातात. तसे झाले असेल तर तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका, लेखी मागा. "कागद नष्ट झाले, नोंदीप्रमाणे खटला निकाली" असे लिहून मिळाले तर तेही उपयोगी पडते.

काही जण सांगतात, माहितीचा अधिकार लावा. कोर्टातल्या खटल्याच्या कागदांसाठी तो रस्ता नाही. त्यासाठी उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच अर्ज करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले आहे.

खर्चाची किंवा वकिलाची अडचण असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. ती बहुधा कोर्टाच्या आवारातच असते. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर 15100 आहे.

निकालात काय लिहिले होते

नवव्या दिवशी नक्कल हाती आली. त्यात लिहिले होते, आरोपीने गुन्हा कबूल केला, दोषी ठरवून दंड, दंड भरला. मुलगा ते वाचून गप्प झाला. "दोषी? आम्ही तर फक्त दंड भरला होता."

इथेच आपली घरे फसतात. पोलिसांकडे तडजोडीचा दंड भरणे वेगळे आणि कोर्टात उभे राहून "कबूल" म्हणणे वेगळे. दुसऱ्यात दोषसिद्धी नोंदली जाते. "दोन मिनिटांत मोकळे व्हाल" असे कोणी म्हणाले तरी, विशेषतः अपघाताच्या खटल्यात, कबूल म्हणण्यापूर्वी वकिलाला किंवा विधी सेवा समितीला विचारा. आणि पुढे एखाद्या फॉर्मवर "कधी शिक्षा झाली आहे का?" असा प्रश्न आला तर खरे तेच लिहा. लपवलेली गोष्ट सापडली तर मूळ दंडापेक्षा तीच महागात पडते.

मुलाने नकलेची झेरॉक्स अर्जासोबत ठाण्यात दिली आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. खटला प्रलंबित नाही, निकाली आहे आणि दंड भरलेला आहे, हे कागदाने दाखवल्यावर अर्ज पुढे सरकला. कंपनीलाही त्याने सगळे खरे कळवले. जायची तारीख तीन आठवडे पुढे गेली, पण नोकरी राहिली.

शेवटी एक सावधगिरी. "तुमचे चलन थकले आहे" असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि सोबत एक फाइल किंवा लिंक असते. ती उघडू नका. असे करून लोकांची बँक खाती रिकामी झाली आहेत. चलन पाहायचे तर सरकारी संकेतस्थळ स्वतः उघडा. त्याचा पत्ता जीओव्ही डॉट इनवर संपतो.

खालाने आता लोखंडी पेटीत एक प्लॅस्टिकची फाइल ठेवली आहे. मुलाच्या नकलेसोबत तिने गाडीचे कागद, लायसनच्या प्रती आणि जुन्या पावत्या तिच्यात लावल्या. पावतीची शाई उडते म्हणून प्रत्येकीची झेरॉक्सही काढली. फाइल कुठे आहे ते तिने दोन्ही सुनांना दाखवून ठेवले आहे. तुमच्या घरात ही फाइल कुठे आहे, हे एकट्या अब्बांनाच माहीत असेल तर आजच विचारून घ्या.