पायी फिरलेले साहेब

पुसदमध्ये पाटबंधारे खात्यातले जुने साहेब आता एकेक करून जाऊ लागले आहेत. श्रद्धांजलीच्या मजकुरात त्यांचं पद येतं, बदलीची गावं येतात आणि शेवटी ‘निसर्गाची आवड होती’ एवढी एक ओळ येते. जणू कचेरी सुटल्यावर पत्ते खेळावेत तशी ती आवड! माझे वडील गेले तेव्हा असाच मजकूर एका स्नेह्यांनी प्रेमाने लिहून आणला होता. त्यांचं मन दुखवायचं नव्हतं, पण ती ओळ मला काही पटली नाही.

कारण ती आवड नोकरीतूनच आली होती. पूस धरण 1971 चं, पैनगंगेवरचं इसापूर 1982 चं. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक 1963 ते 1975 मुख्यमंत्री होते, त्या काळात नोकरीला लागलेली ही पिढी. ओव्हरसिअर असो की डेप्युटी, मोजणी म्हणजे पायपीट. सकाळी भाकरी बांधून निघायचं, मदतनीस खलाशाच्या खांद्यावर तिपाई आणि स्टाफ (आकडे घातलेली उंच पट्टी), साहेबाच्या हातात फील्ड बुक. ओढा धरून उगमापर्यंत चढायचं, कालव्याची आखणी करताना टेकडीच्या अंगाअंगाने वळत जायचं. जीप जिथे थांबे, तिथून खरं काम सुरू होई.

सुट्टीत बाबा मला साइटवर नेत. जुन्या डंपी लेव्हलच्या दुर्बिणीतून सगळं उलटं दिसायचं. स्टाफ धरलेला खलाशी डोक्यावर उभा, त्याच्यामागचा फुललेला पळस आभाळातून खाली लोंबतोय. मला हसू आवरत नसे. बाबा शांतपणे रीडिंग घेत, वहीत मांडत आणि त्याच पानाच्या कडेला पेन्सिलीने आणखी काही टिपत: ‘उंबर, जुना’, ‘विहीर, मे महिन्यातही पाणी’, ‘मोहावर पोळं’. पोळ्याचा आणि धरणाचा काय संबंध, हे मी कधी विचारलं नाही. उंबराचा मात्र होता. जमिनीखालचं पाणी झाडांवरून ओळखावं, असं वराहमिहिराने बृहत्संहितेत सविस्तर सांगून ठेवलं आहे. बाबांनी ते वाचलं होतं की नाही कोण जाणे, पण गुराख्यांकडून ऐकलं होतं नक्की.

पुराची खूण शोधणं हाही याच कामाचा भाग. पूल किंवा सांडवा आखायचा तर नदीचं पाणी आजवर कुठपर्यंत चढलं, हे ठाऊक हवं. आणि ते ठाऊक असतं म्हाताऱ्यांना. “पायरीपर्यंत पानी आल्तं साहेब,” असं पारावरच्या कुणी सांगितलं की बाबा त्या पायरीवर स्टाफ उभा करायला लावत. एकाच्या सांगण्यावर भागत नसे, दुसऱ्या आळीतल्या म्हातारीलाही विचारून येत.

आता थोडी अडचणीची बाजू. बुडीत क्षेत्राची मोजणीही याच लोकांनी केली. ज्या शिवारातून फिरले, ज्या आंब्याखाली भाकरी खाल्ली, त्याच शिवारावर पाण्याची रेघ ओढली. गावं उठली. इसापूरच्या जलाशयाला आज पक्षी अभयारण्याचा दर्जा आहे, हिवाळ्यात तिथे बदकं उतरतात. म्हातारपणी बाबा दुर्बीण घेऊन त्या काठावर बसत. पक्षी दाखवता दाखवता मधेच पाण्याकडे बोट करून म्हणत, “इथं खाली चांगली काळी जमीन होती.” पुढे काही बोलत नसत. धरण चूक होतं असं ते कधी म्हणाले नाहीत, आणि ते फुकटात झालं असंही म्हणाले नाहीत. निसर्गप्रेमी म्हणून हार घालायला येणाऱ्यांना हे ऐकायचं नसतं. मला तर त्यांच्या प्रेमाचा खरेपणा इथेच दिसतो.

आता टोटल स्टेशन आहे, ड्रोन आहे, उपग्रहाचे नकाशे आहेत. मोजणी पूर्वीपेक्षा कितीतरी अचूक होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण श्रावणात नाला किती फुगतो, हे गावात न विचारता मोरीचा आकार टेबलावर ठरतो आणि पहिल्याच मोठ्या पावसात रस्ता वाहून जातो. मग निविदा पुन्हा निघते. पायपिटीचा खर्च यापेक्षा स्वस्तच पडला असता.

येत्या 15 सप्टेंबरला, विश्वेश्वरय्यांच्या जन्मदिनी, गावोगाव अभियंता दिन होईल. विश्वेश्वरय्या पुण्यात शिकले, मुंबई इलाख्यात नोकरी केली, खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवले. त्यांच्या तसबिरीला हार, निवृत्तांना शाल-श्रीफळ, मग चहा-फराळ, हे ठरलेलंच आहे. ते जरूर व्हावं. पण पुसदच्या बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांना त्या दिवशी एखाद्या निवृत्त साहेबाबरोबर पूस नदीच्या काठाने चार-पाच किलोमीटर चालवावं. ज्यांचे गुडघे अजून चालतात, ते नाही म्हणणार नाहीत.

आणि ज्यांच्या घरात वडिलांच्या फील्ड बुका माळ्यावर पडून असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. आकडे जुने झाले असले तरी कडेच्या नोंदी अजून कामाच्या आहेत. कॉलेजच्या ग्रंथालयात नेऊन द्या. आणि वडील हयात असतील, तर देण्याआधी त्यांच्याजवळ बसून पेन्सिलीचं पुसट झालेलं अक्षर शाईने गिरवून घ्या.