भूमी हालते तेव्हा

भयाचे प्रकार अनेक आहेत. चोराचे भय असते, रोगाचे असते, दुष्काळाचे असते. अशा सर्व भयांपासून मनुष्य घरात शिरतो, दाराला कडी घालतो आणि काहीसा निर्धास्त होतो. परंतु ज्या रात्री घरच वैरी होते, त्या रात्री त्याने कोठे जावे? बिदर व कलबुर्गी या सीमेवरील जिल्ह्यांत आणि त्यांना लागून असलेल्या लातूर-धाराशिव भागात हा प्रश्न लोकांनी प्रत्यक्ष अनुभवला आहे.

३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट. गणेशविसर्जन आटोपून गावे निजली होती. चार वाजण्यास काही मिनिटे असताना किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली, आणि मिनिटभराच्या आत पिढ्यान्‌पिढ्यांची घरे ढिगारे होऊन पडली. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे प्राणांस मुकली. बसवकल्याण, भालकी, आळंद या बाजूंसही लोक अंथरुणावरून उठून अंगणात धावले. दख्खनचे हे पठार अढळ आहे, असे विद्वान व अडाणी दोघेही समजत होते. त्या दिवसापासून तो भरवसा गेला. पुढे २०२१ च्या ऑक्टोबरात कलबुर्गी जिल्ह्याच्या चिंचोळी तालुक्यात गडिकेश्वर व आसपासच्या खेड्यांना वारंवार सौम्य धक्के बसले, तेव्हा लोकांनी घरे सोडून उघड्यावर रात्री काढल्या. किल्लारीची आठवण तेथे जागीच होती.

अशा वेळी भाविक मनाला एक टोचणी लागते. आपला देवावर विश्वास असता, तर आपली छाती अशी धडधडली असती काय? प्रिय वाचकहो, या टोचणीस आम्ही प्रथमच उत्तर देऊ इच्छितो. भय वाटणे हे पाप नव्हे. गेथशेमनीच्या बागेत खुद्द प्रभू येशू व्याकूळ झाला, त्याला रक्तासारखा घाम सुटला. तो भयापासून मुक्त होता म्हणून नव्हे, तर भयाच्या घटकेसही पित्याच्या हाती राहिला म्हणून आमचा तारणारा ठरला. विश्वास म्हणजे भयाचा अभाव नव्हे. भय उभे असता देवाचा हात न सोडणे, हा विश्वास.

दुसरी टोचणी याहून विषारी असते. हा कोप कोणाच्या पापाने झाला, असे लोक विचारू लागतात, आणि मेलेल्यांच्या माथी दोष येतो. शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली, तेव्हाही लोकांच्या मनात हेच आले होते. ते इतरांहून अधिक पापी नव्हते, असे प्रभूने स्पष्ट सांगितले, व ऐकणाऱ्यांस स्वतःच्या अंतःकरणाकडे वळविले. म्हणून ज्या मातेचे लेकरू ढिगाऱ्याखाली गेले, तिच्यापाशी शिक्षेची भाषा बोलणे हे ख्रिस्ती मनुष्यास शोभत नाही. तिच्यापाशी बसावे, तिच्याबरोबर रडावे.

मग इतका संहार का झाला? कारण आमच्या भिंतींतच होते. या मुलखात ऊन कडक, म्हणून लोक दगड-मातीच्या जाड भिंती बांधत आणि वर लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर देऊन माळवद घालीत. उन्हाळ्यात घर थंड राही. दर पावसाळ्यापूर्वी वर आणखी माती पडे, आणि भार वाढत जाई. धक्का बसताच भिंतीची दोन अंगे एकमेकांपासून सुटली व माळवद निजलेल्यांवर आले. भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारे लांब दगड घालावेत, सर्व भिंतींना एकत्र बांधणारा पट्टा असावा, माळवदावरील माती कमी करावी, हे उपाय पुढे गावोगाव सांगितले गेले व पुष्कळांनी अमलात आणले.

येथे कोणी म्हणेल, ज्याचा देवावर भाव आहे त्याला पट्ट्याची काय गरज? मंदिराच्या शिखरावर सैतानाने प्रभूला हेच सुचविले होते : उडी टाक, देवदूत झेलतील. प्रभूने ते नाकारले. कारण देवाची परीक्षा पाहणे म्हणजे देवावर विश्वास टाकणे नव्हे. भिंत नीट बांधणारा गवंडी व रात्री प्रार्थना करणारी आई ही दोघेही एकाच परमेश्वराची सेवा करतात. आपल्या हाती आहे ते करावे, आणि जे आपल्या हाती नाही ते त्याच्या हाती द्यावे. याच क्रमाने भय ओसरते.

फिलिप्पै येथील तुरुंगाची कथा या दृष्टीने वाचावी. मध्यरात्री भूकंप झाला, दारे उघडली, आणि बंदी पळाले असे समजून अधिकाऱ्याने भीतीने स्वतःवर तलवार उपसली. अंधारातून संत पौलाने हाक दिली की, आम्ही सर्व येथेच आहोत. त्या एका हाकेने एक जीव वाचला. त्याच रात्री त्या अधिकाऱ्याने पौल व सीला यांच्या जखमा धुतल्या, कुटुंबासह बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांना जेवू घातले. भूकंपाने सुरू झालेली रात्र जेवणाच्या पंक्तीत संपली.

बिदर व कलबुर्गी हे जिल्हे २००५ साली स्थापन झालेल्या गुलबर्गा धर्मप्रांतात येतात. तेथील कुटुंबे विखुरलेली आहेत. कोणी मराठी बोलतो, कोणी कानडी. परंतु ‘आम्ही येथेच आहोत’ ही हाक कोणत्याही भाषेत कळते. धक्का बसला तर शेजारच्या एकट्या म्हातारीला प्रथम बाहेर आणावे. बाहेर मुले रडत असतील तर त्यांना जवळ घेऊन सावकाश जपमाळ म्हणावी. आईचा स्वर स्थिर असला म्हणजे लेकरांचा जीवही स्थिरावतो. शेजारी कोणत्या धर्माचा आहे, हे त्या रात्री विचारू नये.

होरेब पर्वतावर एलिया ईजबेलच्या भयाने पळून आला होता. वारा सुटला, भूकंप झाला, अग्नी पेटला. पण परमेश्वर त्यांत नव्हता. नंतर आलेल्या मंद वाणीत तो होता. त्या वाणीने एलियाला गुहेत लपून राहू दिले नाही. आल्या वाटेने परत आपल्या कामास पाठविले. आपणही रोज संध्याकाळी थोडा वेळ शांत बसून ती वाणी ऐकण्याची सवय लावावी, म्हणजे भूमी हालेल त्या घटकेस ती अनोळखी वाटणार नाही.