श्वापदाची खूण लसीत शोधणाऱ्यांना

नेसरीत सध्या एक पत्रक हातोहाती फिरते आहे. लिहिणाऱ्याचे नाव मी घेत नाही, कारण मत त्या एकट्याचे नाही. पत्रकाचे म्हणणे थोडक्यात असे: प्रकटीकरणाचे पुस्तक म्हणजे येणाऱ्या काळाचे वेळापत्रक. २०१९ चा कोल्हापूरचा महापूर ही देवाच्या क्रोधाची एक वाटी, २०२० ची साथ ही दुसरी. करोनाची लस ही श्वापदाची खूण आणि आधार कार्ड ही तिची पूर्वतयारी. खरे विश्वासणारे लवकरच वर उचलले जातील, बाकीचे इथे होरपळतील. म्हणून घाबरा आणि आमच्या सभेला या. शेवटचे वाक्य पत्रकात छापलेले नाही, पण सगळ्या मजकुराचा रोख तिकडेच आहे.

काही मुद्दे चटकन बाजूला करतो. तो दिवस आणि ती घटका कोणालाही ठाऊक नाही, असे स्वतः येशूने सांगितल्याचे मत्तयाच्या २४व्या अध्यायात आहे. तरीही २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरून अमेरिकेत हजारो माणसे येशूच्या येण्याची वाट पाहत बसली, आणि २३ तारखेला त्यांची मने मोडली. ६६६ हा आकडा नीरोच्या नावाच्या हिब्रू अक्षरांची बेरीज आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. काही जुन्या हस्तलिखितांत तिथे ६१६ आहे, आणि तोही नीरोच्याच नावाला जुळतो. आधार कार्डाचा तिथे संबंध कुठे येतो?

पण माझा खरा राग यावर नाही. राग आहे तो दुसऱ्याच्या नावाने आलेले पत्र फोडून आपल्या भीतीसाठी वापरण्यावर. प्रकटीकरण हे पत्र आहे. पात्म बेटावर हद्दपार केलेल्या योहानाने ते आशिया प्रांतातल्या सात मंडळ्यांना लिहिले: इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. काळ बहुधा पहिल्या शतकाची अखेर, रोमचा सम्राट दोमितियन. पर्गमात तर इसवी सनापूर्वीच सम्राट औगुस्ताचे देऊळ उभे राहिले होते. तिथल्या अंतिपा नावाच्या साक्षीदाराला ठार मारल्याचा उल्लेख दुसऱ्याच अध्यायात आहे. थुवतीरेत रंगारी, कासार, चर्मकार यांच्या कारागीर संघटना होत्या. संघटनेच्या जेवणावळीत मूर्तीपुढचा नैवेद्य खाणे आलेच. तो खाल्ला नाही तर धंदा जाण्याची भीती. म्हणून तेराव्या अध्यायात खूण नसलेल्याला विकतही घेता येत नाही आणि विकताही येत नाही. ही खूण म्हणजे सुई नव्हे. साम्राज्यापुढे मान तुकवल्याशिवाय ज्यांना बाजारात उभे राहू दिले जात नाही, त्यांचे दुःख तिथे लिहिलेले आहे.

आणि हे दुःख महाराष्ट्राला समजावून सांगावे लागते? कोल्हापुरात १८५२ मध्ये अमेरिकन मिशनचे काम सुरू झाले. पुढे महाराष्ट्रात जी कुटुंबे ख्रिस्ती झाली, त्यांत महार-मांग वस्त्यांतली पुष्कळ होती. ख्रिस्ती होण्याआधीही गावची विहीर त्यांची नव्हती, झाल्यावर तर काही ठिकाणी उरलेसुरले कामही गेले. दुकानदार माल देईना, शेतात कोणी बोलवीना. याला आपल्याकडे वाळीत टाकणे म्हणतात. जातपंचायतींच्या या हत्याराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये खास कायदा करावा लागला. वाळीत पडलेल्या आजीला तेरावा अध्याय वाचून दाखवा, ती लगेच ओळखेल. तिच्या नातवाला तुम्ही सांगता की ती खूण दंडावरच्या लसीत आहे. हा त्या आजीचा अपमान आहे. लसीच्या भीतीने एखादे घर आजाराला बळी पडले, तर तेही पाप पत्रक छापणाऱ्याच्या माथी.

सहाव्या अध्यायातल्या काळ्या घोड्याचे बघा. दिवसभराच्या मजुरीत एका माणसापुरते गहू मिळतील, तेलाला आणि द्राक्षारसाला मात्र धक्का लागणार नाही, असा तिथे पुकारा होतो. गरिबाची भाकर महाग आणि श्रीमंताचे ताट भरलेले. १८९६-९७ च्या दुष्काळाने हेच दाखवले. पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातल्या भुकेल्या मुलींना केडगावला आणले. त्या बाईंनी हा दुष्काळ प्रकटीकरणातल्या कितव्या मोहरेत बसतो याचा हिशेब मांडला नाही, मुलींना जेवू घातले. अठराव्या अध्यायात बाबेलच्या बाजारातल्या मालाची लांबलचक यादी येते: सोने, रेशीम, हस्तिदंत, दालचिनी, गहू, गुरे, घोडे, आणि सर्वात शेवटी माणसांची शरीरे व त्यांचे जीव. बाबेल म्हणजे सात टेकड्यांवर वसलेले रोम, हे वाचणाऱ्यांना तेव्हा उमगत होते. जो बाजार माणूस विकतो, त्याच्या पतनावर स्वर्ग आनंद करतो. पत्रकवाल्यांना या यादीत काहीच सापडत नाही, कारण तिच्यात बातमीसारखे काही नाही.

प्रतिमा वाचण्याचे हे दारिद्र्य जुने आहे. विठोबा अठ्ठावीस युगे उभा आहे म्हटल्यावर कोणी वारकरी कॅलेंडर काढत नाही. आपल्या नेसरीच्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर आणि सहा स्वार बहलोलखानाच्या फौजेवर धावून गेले. तो सात आकडा इतिहासाचा आहे, मोजून घ्यावा असाच. योहानाचा सात पूर्णत्वाचा आहे. नेसरीच्या माणसाला इतका फरक कळत नसेल, असे पत्रकवाल्यांनी का धरले?

तर मग आशा कुठे? पाचव्या अध्यायात. मोहरबंद गुंडाळी उघडायला यहूदाचा सिंह येतो आहे, असे योहान ऐकतो. वळून पाहतो तर वध झाल्यासारखा दिसणारा कोकरा उभा आहे. सत्तेला सत्तेने उत्तर देणारा तो नव्हे. ज्याला मारले, तोच इतिहासाच्या मोहरा फोडतो. खिंडीतल्या सात जणांना आपण मानतो, आणि मीही मानतो, पण कोकऱ्याचे अनुयायी तलवार न घेता जिंकतात, मरणापर्यंत साक्ष देऊन. हे कठीण आहे आणि ते सोपे असल्याचा आव मी आणणार नाही. वेदीखालून मारलेले लोक ‘किती वेळ?’ म्हणून ओरडतात, आणि देव त्यांना गप्प करत नाही. आक्रोशालाही जागा देणारी आशाच मला खरी वाटते.

आणि शेवटच्या दोन अध्यायांत कोणी वर पळून जात नाही. नवे यरुशलेमच स्वर्गातून खाली उतरते. देवाचा डेरा माणसांमध्ये येतो. त्या नगराच्या वेशी कधीच बंद होत नाहीत, तिथल्या झाडाची पाने राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत, आणि तहानलेल्याला पाणी फुकट आहे. ज्या महाराष्ट्रात २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तिथल्या माणसाला त्या फुकट पाण्याचा अर्थ सांगायला पत्रक लागत नाही.

पत्रकात मात्र हे दोन्ही अध्याय नाहीत. पुढच्या सभेत भाषण नको. पहिल्या अध्यायापासून बाविसाव्यापर्यंत सगळे पुस्तक मोठ्याने वाचा, मध्ये काहीही न गाळता. सुरुवातीलाच त्यात वाचणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना धन्य म्हटले आहे. दीड तासात होईल.